अप्पांच्या बुलेटच्या सोनेरी रेषा

आमचं घर तिरुवैयारूत, कावेरीजवळ. आयुधपूजेच्या आदल्या दिवशी अप्पांची जुनी बुलेट धुवायचं काम माझं. एका वर्षी उत्साहाच्या भरात ती भांड्यांच्या साबणाने धुतली आणि टाकीवर रबिंग पॉलिश तासभर घासलं. टाकी लखलखली, पण हाताने ओढलेल्या सोनेरी रेषा एका बाजूला पुसट झाल्या. अप्पा काही बोलले नाहीत. नुसतं बोट फिरवलं त्यांवरून. ओरडले असते तर बरं झालं असतं.

रबिंग पॉलिशमधले बारीक कण रंगच झिजवतात, हे मला नंतर कळलं. साधं वॅक्स झिजवत नाही, वर पातळ थर देतं. भांड्यांचा साबण तो थरही काढून टाकतो. आता मी गाडीचा शांपू, मऊ मायक्रोफायबर फडकं आणि कार्नौबा वॅक्स एवढंच घेते. तेही सावलीत, टाकी गार झाल्यावर लावते. तुमच्या गाडीचा रंग मॅट असेल तर हे वॅक्स नकोच, डाग पडतात. आणि सीट, टायर, ब्रेक यांच्या आसपास मुळीच नको. चमकेल, पण घसराल!

अप्पा आता गाडी चालवत नाहीत. यंदा पूजेला चंदनकुंकू लावायला मात्र आले. टिळा लावला, तो नेमका पुसट रेषांवर.