मौनाची अट

नाशिकच्या भांडी बाजारातील जुन्या व्यापाऱ्यांना पुराचे मोजमाप क्युसेकमध्ये सांगावे लागत नाही. गंगापूर धरणातून पाणी सोडल्याची वार्ता येते, दुतोंड्या मारुतीच्या कमरेला, मग छातीला पाणी लागल्याचे कोणी सांगत येतो आणि माल माळ्यावर चढू लागतो. रविवार, ४ ऑगस्ट २०१९ रोजी मारुती पाण्याखाली गेला. पितळी भांड्यांच्या एका पेढीचे साठी उलटलेले मालक त्या दिवशी कॉलेज रोडवरील घरी वह्या तपासत बसले होते. भांडी भिजली तर पुसता येतात, वह्या भिजल्या तर गेल्याच. म्हणून पत्र्याच्या दोन पेट्या त्यांनी आदल्या दिवशीच टेम्पोतून घरी आणल्या होत्या.

काम किचकट होते. भागीदार असलेले धाकटे बंधू निवर्तले होते. भावजयीचा हिस्सा देऊन पेढी मुलांच्या नावे करायची, त्यासाठी सनदी लेखापालांनी जुना हिशेब मागितला होता. दुसऱ्या पेटीत वह्यांच्या तळाशी ‘चांदोबा’चे अंक निघाले. वडिलांनी ते वर्षवार शिवून घेतले होते. रोजकीर्द बाजूला राहिली.

मद्रासचा हा ‘चांदोबा’ १९५२ पासून मराठीत येऊ लागला. एका हाती तलवार, खांद्यावर प्रेत घेऊन निघालेला विक्रम राजा शंकर या चित्रकाराने असा काही रेखाटला, की दोन-तीन पिढ्यांना विक्रम दुसऱ्या रूपात आठवतच नाही. मूळ संस्कृत वेताळकथा पंचवीस. मासिकाने मात्र नव्या कथा रचून त्या कित्येक दशके चालवल्या. दर महिन्याला राजाने झाडावरून प्रेत उतरवायचे आणि शेवटी ते पुन्हा झाडावर जायचे. बालवाचकाला त्याचे दुःख नसे. पुढच्या अंकाची सोय झालेली असे.

बालपणी त्यांनी राक्षस, गुहा आणि राजकन्या वाचल्या होत्या. आता नजर ठरत होती ती वेताळाच्या प्रश्नावर. अधिक त्याग कोणाचा? वस्तूवर खरा हक्क कोणाचा? बहुतेक कथा म्हणजे वाटणीचे दावेच! आणि ती अट. उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर मस्तकाची शकले होतील. बोललास तर केलेले श्रम वाया जातील. सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त शेवटच्या कोड्याचे उत्तर राजाला खरोखरच सुचत नाही, म्हणून तो मौन पाळतो आणि तेव्हाच सुटतो. माहीत नसल्यामुळे आलेले मौन तेवढे वेताळ मान्य करतो. सोयीचे मौन त्याला चालत नाही.

दुपारी ते पुन्हा रोजकीर्दीकडे वळले. १९९१ सालच्या वहीत वडिलांच्या अक्षरात एक नोंद होती : घरून जमा, एकेचाळीस हजार. नाव नव्हते. त्या वर्षी घाऊक व्यापाऱ्याचे देणे तुंबले होते. भावजयीने माहेरचे बारा तोळे काढून दिले, तेव्हा सराफाकडे तेच बरोबर गेले होते. घरातल्या माणसाचे नाव वहीत कशाला, असा वडिलांचा विचार असावा. त्या माउलीने पुढे कधी विषय काढला नाही. मुलांना, लेखापालांना यातले काही ठाऊक नव्हते. मुदतीच्या कायद्याने असा दावा केव्हाच निकाली निघाला असता.

सायंकाळी थोरला मुलगा तयार होत आलेला हिशेब पाहू लागला.

“बाबा, काकूंच्या नावे ही जमा कसली?”

“त्यांच्या दागिन्यांची.”

“पावती आहे?”

“मी होतो ना तिथे.”

मुलाने वाद घातला नाही. तो व्यापाऱ्याचा मुलगा. त्याने लगेच बँकेच्या दराने व्याज मांडायला घेतले. वडिलांनी त्याला थांबवले. नव्या पानावरील एकेचाळीस हजारांचा आकडा खोडून त्यांनी तिथे लिहिले : सोने, बारा तोळे. मुलाने मोबाईलवर त्या दिवसाचा भाव पाहिला, गुणाकार केला आणि बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिला. बाहेर पाऊस थांबला नव्हता. त्यांनी चष्मा पुसला आणि १९९२ ची वही उघडली.