मणक्याचं मशीन

प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन ठरलं तेव्हा मी नाना प्रश्न विचारले. नळी किती दिवस ठेवणार, ऊस तुटायच्या वेळी उभा असेन का. एक मात्र विचारला नाही, आणि कुणी आपणहून सांगितलंही नाही.

गावी, कोऱ्हाळ्याला परतलो. रक्तातला पीएसए, म्हणजे कॅन्सरची खूण, उतरला, लघवी ताब्यात आली. ताठरता मात्र गेलीच. मी बाहेर ओट्यावर झोपू लागलो. "आत उकडतं" म्हणालो, तेही ऐन डिसेंबरात. ही आठ दिवस गप्प. मग म्हणाली, "अहो, थंडीत कुणाला उकडतं? पुण्याला जाऊ. मी विचारते."

आणि विचारलंही तिनंच. दुसरे डॉक्टर होते, खुर्ची जवळ ओढून बोलले. प्रोस्टेटला चिकटून दोन्ही बाजूंनी बारीक नसा जातात. १९८२ मध्ये अमेरिकेत पॅट्रिक वॉल्श यांनी त्या वाचवून ऑपरेशन करून दाखवलं. तुमच्याही वाचल्यात, पण ताण बसलेल्या नसा जाग्या व्हायला दीड-दोन वर्षंही लागतात. तोवर तिथं रक्त खेळत ठेवायचं. मला लगेच उमगलं. डाव्या कालव्याचं आवर्तन लांबलं की चारी गवतानं बुजते, तसंच.

त्यासाठीची टाडालाफिलची गोळी मी बारामतीहून आणायचो. गावातला मेडिकलवाला पुतण्या लागतो. र. धों. कर्व्यांनी कामजीवनावर उघड बोलणारं 'समाजस्वास्थ्य' मासिक १९२७ साली काढलं, आणि मी अजून चिठ्ठीची चार वेळा घडी घालून काउंटरवर सरकवतो! गोळीनं नसा लवकर भरतात असं पक्कं नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं होतंच. एका चुलतभावाला सुगावा लागला, "मलाही दे" म्हणाला. त्याच्या खिशात हृदयासाठीची सॉर्बिट्रेट. दोन्ही मिळून रक्तदाब असा कोसळतो की माणूस उठत नाही. हाकललाच त्याला.

गोळी पुरेना, तेव्हा व्हॅक्यूमचा पंप आला. प्लॅस्टिकची नळी, हातानं हवा ओढायची, मग बुडाशी रबरी कडं. अर्ध्या तासात कडं काढायचंच. पहिल्या रात्री ही तोंडाला पदर लावून हसली. "फवारणीचा पंप परवडला," म्हणाली. मीही हसलो, ऑपरेशननंतर पहिल्यांदा. इंजेक्शनचा मार्ग अजून शिल्लक आहे, सुईची मला भीती.

वीर्य आता येत नाही, सुख येतं. अकराव्या महिन्यात पंपाशिवाय थोडी हालचाल झाली. अंथरूण कधीच आत आलंय.

पंप ट्रंकेत असतो. नातवाला सापडला तेव्हा ही पटकन म्हणाली, "आजोबांच्या मणक्याचं मशीन." परवा सून विचारत होती, "मामा, माझ्या वडिलांचा मणका लई धरलाय. आठ दिवस द्याल का?"