घमेलं हलवू नका

आज ऊस नाही, सोयाबीन नाही, बदकाचं लिहितोय. परवा एका पोराचा फोन आला, "काका, बदकाच्या डोळ्यात फूल पडलंय, काय करू?" त्याला सांगितलं तेच इथं टाकतो.

आमच्याकडं अंड्यासाठी आणलेली पाच खाकी कॅम्पबेल बदकं होती. त्यातली गंगी २०२० च्या पावसाळ्यात आंधळी झाली. चूक माझीच. बदकं मी कोंबड्यांसारखी पाळली. पाणी कोंबड्यांच्या ड्रिंकरमध्ये. त्यात चोच बुडते, डोळा बुडत नाही. बदक डोकं पाण्यात घालून डोळे आणि नाकपुड्या धुतं, हे मला ठाऊकच नव्हतं. त्यात खाली ओलं पाचट. शेडात शिरलं की आपल्याच डोळ्याला झोंबायचं. तो अमोनिया. गंगीचा एक डोळा चिकटला, मी म्हणलं होईल बरा. आठ दिवसांनी डॉक्टर बोलावले तवर दोन्ही डोळ्यांवर फूल.

शेजारी म्हणाले, "आंधळं कशाला पोसताय, कापा." आमची मंडळी माझ्याकडं बघून म्हणाली, "डोळं तुमच्यामुळं गेलं, आन् आता कापताय व्हय?" मला बोलायला जागाच नव्हती.

आंधळं बदक सांभाळणं अवघड नाही, फक्त वस्तू हलवायच्या नाहीत. घमेलं भिंतीला टेकून ठेवा, पाणी डोकं बुडेल इतकं, बाहेर यायला विटेची पायरी. खाद्याची पाटी कायम एकाच बाजूला. हात लावायच्या आधी डबा वाजवा, नाहीतर ते दचकून भिंतीवर आपटतं. सोबतीला एक गरीब बदक द्या आणि त्याच्या पायात घुंगरू बांधा, त्या आवाजामागं ते चालतं. खाद्यात पिवळा मका, लसूणघास असू द्या. अ जीवनसत्त्व कमी पडलं तरी डोळे बिघडतात.

हे मी चुकूनच शिकलो. एकदा शेड धुताना घमेलं चार हात पलीकडं ठेवलं आणि रानात गेलो. बाकीची बदकं पाटावर गेलेली. संध्याकाळी बघतो तर गंगी जुन्या जागी उभी, चोचीनं कोबा चाचपतेय. पाणी चार हातांवर, आणि ती दिवसभर तहानलेली.

मग जुलै २०२१. कोयनेकडं पावसानं झोडपलं, कृष्णा वाढायला लागली. २०१९ चा पूर बघितलेला, त्यामुळं थांबलो नाही. वाळव्यातनं म्हशी, माणसं, सगळं मंडळीच्या माहेरी हलवलं, कराड तालुक्यात माळावर. टेम्पोत मी गंगीचं घमेलं, पाटी, वीट आणि डबाही टाकला. मेहुणे हसले, "दाजी, आमच्याकडं घमेली न्हाईत व्हय?"

तिथं एक कोपरा मागून घेतला. भिंत उजवीकडं, पाटी डावीकडं, घरच्यासारखंच मांडलं. पहिल्या दिवशी तिनं कशालाच चोच लावली नाही. जागा परकी, वास परका, म्हशींचा गलका. मला वाटलं, पुरातनं आणली आणि इथं घालवली. दुसऱ्या दिवशी सांजच्याला डबा वाजवला. मान वर झाली. घुंगराच्या मागं चार पावलं चालली, चोच घमेल्याच्या काठाला लागली आणि तिनं डोकं पाण्यात घातलं. मेहुणे दारात उभे होते, ते काही बोलले नाहीत.

पाणी उतरल्यावर घरी आलो तर शेडात गुडघाभर गाळ. पहिल्यांदा तिचाच कोपरा धुतला.

गंगी अजून आहे. अंडी बंद झालीत, कलकल चालू आहे. तुमच्याकडं बदकं असतील तर आजच जाऊन बघा, त्यांचं डोकं पाण्यात बुडतंय का. पाचट ओलं असेल तर बदला. आणि डोळा चिकटलेला दिसला तर माझ्यासारखं आठ दिवस थांबू नका.