काचेपलीकडचा जीव

सागरी प्राणी घरी पाळण्याचा छंद अमेरिकेत जुना आहे. रंगीत मासे, प्रवाळ आणि समुद्रफुले यांनी सजवलेल्या काचेच्या टाक्या तेथील पुष्कळ दिवाणखान्यांत आढळतात. या छंदिष्टांपैकी थोडे जण, माशांचे रंग पाहून डोळे निवल्यावर, एका निराळ्याच प्राण्याकडे वळतात. तो प्राणी म्हणजे ऑक्टोपस. त्यांतही विशेष पसंती असते ती कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील द्विबिंदू ऑक्टोपसला. प्रत्येक डोळ्याखाली निळ्या कड्याचा एक गोल ठिपका असतो, त्यावरून हे नाव पडले. १९४९ साली स्वतंत्र जात म्हणून त्याची शास्त्रीय नोंद झाली. पूर्ण वाढ झाली तरी धड वीतभराच्या आतच राहते. हात मात्र दीड-दोन फूट लांब होतात. प्रशांत महासागराच्या पश्चिमेकडील भागात निळ्या कड्यांचा एक लहानसा ऑक्टोपस आढळतो, त्याचा दंश माणसाचा प्राण घेऊ शकतो. द्विबिंदू त्यातला नव्हे. तो दिवसाही हिंडतो, माणसाला लवकर सरावतो आणि एवढ्याच गुणांवर घरात येतो.

मोठी टाकी ज्यांना झेपत नाही ते कॅरिबियन समुद्रातील खुज्या ऑक्टोपसवर समाधान मानतात. तो तळहातावर मावेल एवढाच. परंतु तो पक्का निशाचर. दिवसभर एखाद्या शिंपल्यात दडून राहतो. त्याच्या घरी आलेल्या पाहुण्यांना बहुधा रिकामी टाकीच दाखवली जाते, आणि यजमानाच्या शब्दावर विश्वास ठेवण्यावाचून त्यांना गत्यंतर नसते.

व्यापारी घरातील वाचकांच्या एक गोष्ट चटकन ध्यानात येईल. या व्यवहारात प्राणी स्वस्त आणि पाणी महाग आहे. दोनशे लिटरांहून अधिक खारे पाणी, त्याची क्षारता समुद्राइतकी, तापमान ठरावीक मर्यादेत, आणि त्यातील घाण सतत काढून टाकणारी यंत्रणा, एवढे सारे प्राणी येण्यापूर्वी सिद्ध असावे लागते. नुसते मीठ कालवून समुद्र होत नाही. प्राण्याच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून पाण्यात अमोनिया साठतो, तो विषारी असतो. टाकीतील दगडांवर वसणारे एक प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात, तेव्हा कोठे ते पाणी राहण्याजोगे होते. ही अदृश्य वस्ती नांदू लागायला आठवडे लागतात. ऑक्टोपससाठी तर जाणकार तीन-तीन महिने थांबायला सांगतात. तोवर मालक रिकाम्या टाकीपुढे बसून पाण्याच्या परीक्षेचे आकडे वहीत टिपत राहतो. तांब्याचा अंशही पाण्यात चालत नाही. नवल असे की ऑक्टोपसचे रक्त निळे असते ते तांब्यामुळेच. त्याच्या शरीरात प्राणवायू वाहून नेण्याचे जे काम माणसात लोह करते ते तांबे करते. जो धातू रक्तात त्याला जगवतो तोच पाण्यात विरघळलेला असला की त्याचा घात करतो.

पाण्यानंतर झाकण. ऑक्टोपसच्या शरीरात हाड नाही. कठीण अशी एक चोच तेवढी असते. ती ज्या फटीतून जाईल त्या फटीतून सारा प्राणी जातो. म्हणून झाकणाला कड्या आणि नळ्यांच्या तोंडाला जाळी, असा बंदोबस्त करावा लागतो. तरीही तो पुरेलच असे नाही. २००९ सालच्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथील मत्स्यालयात एका लहानशा द्विबिंदू मादीने रात्रीतून टाकीवरील झडप फिरवली. सकाळी कर्मचारी आले तेव्हा सुमारे साडेसातशे लिटर समुद्रजल जमिनीवर पसरलेले होते. २०१६ साली न्यूझीलंडमधील नेपिअरच्या राष्ट्रीय मत्स्यालयातून इंकी नावाचा दुसऱ्या जातीचा ऑक्टोपस झाकणाच्या फटीतून बाहेर पडला, फरशीवरून सरपटत मोरीपर्यंत पोहोचला आणि सुमारे पन्नास मीटर लांबीच्या नळातून थेट समुद्रात गेला. ही वार्ता जगभर कौतुकाने वाचली गेली. सांभाळणाऱ्यांवर कोणी रागावले नाही, आणि पळालेल्याला परत आणावे असेही फारसे कोणाला वाटलेले दिसले नाही.

घरच्या टाकीतील ऑक्टोपस पहिले काही दिवस दगडाआडच असतो. खोलीत कोणी शिरले की आकसतो, दगडाचा रंग घेतो. मग एके दिवशी एक डोळा कपारीतून वर येतो. आणखी काही दिवसांनी एक हात बाहेर येतो आणि मालकाच्या बोटाला चूषकांनी हलकेच धरून पाहतो. या चूषकांना स्पर्शाबरोबर चवही कळते, म्हणजे ते बोट तो चाखूनही पाहत असतो. अॅरिस्टॉटलने या प्राण्याला मूर्ख ठरवले होते, आणि कारण दिले होते ते हेच, की पाण्यात हात घातला तर तो आपण होऊन जवळ येतो. एवढ्या मोठ्या निरीक्षकाने कुतूहलाला मूर्खपणा म्हणावे याचे आश्चर्य वाटते. त्याच्या मज्जासंस्थेत सुमारे पन्नास कोटी चेतापेशी असतात, म्हणजे जवळजवळ कुत्र्याइतक्या. त्यांपैकी दोन-तृतीयांश हातांमध्ये विखुरलेल्या असतात. सिएटल मत्स्यालयातील संशोधकांनी मोठ्या प्रशांत ऑक्टोपसांसमोर सारख्याच गणवेशातील दोन माणसे उभी केली. एक जण नेहमी अन्न देई, दुसरा खरखरीत काडीने टोचे. काही दिवसांतच ते प्राणी पहिल्याकडे सरकू लागले आणि दुसऱ्यापासून दूर राहू लागले. २०१० साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्याच मत्स्यालयात त्याआधी असे दिसले होते, की पाण्यावर तरंगणारी औषधाची रिकामी बाटली काही ऑक्टोपस पाण्याच्या झोताने पुन्हा पुन्हा दूर ढकलतात आणि ती प्रवाहाबरोबर परत येण्याची वाट पाहतात. त्यातून खायला काही मिळत नव्हते.

झोपेतही त्याच्या कातडीवर रंग उमटतात आणि विरतात. तो स्वप्न पाहतो का, हा प्रश्न ब्राझीलमधील संशोधकांनी २०२१ साली गंभीरपणे मांडला. स्वतःच्या अंगावर इतके रंग बाळगणाऱ्या या प्राण्याच्या डोळ्यांत रंग ओळखण्याची नेहमीची सोय नसते, हेही येथे सांगायला हवे.

पाठशाळेत शिकलेल्या वाचकांना येथे एक कोडे पडेल. शंख, कवडी, शिंपला हे द्वींद्रिय जीव, हे पाठ लहानपणीच झालेले असते. आजचे प्राणिशास्त्र ऑक्टोपसला त्याच मृदुकाय संघात बसवते. तो शिंपल्याचा आणि गोगलगायीचा दूरचा भाऊबंद, फक्त कवच टाकून दिलेला. परंतु या भाऊबंदाला भिंग असलेला, माणसाच्या डोळ्याशी आश्चर्यकारक साम्य असणारा डोळा आहे. त्याला इंद्रियांच्या कोणत्या पायरीवर बसवायचे हे विद्वानांनी ठरवावे. काचेपलीकडून तो पाहत असतो, एवढे मात्र घरातल्या लहान मुलालाही कळते.

या छंदाचे खरे अवघडपण पाण्यात नाही आणि झाकणातही नाही. ते अन्नात आहे. ऑक्टोपस पूर्णपणे मांसाहारी आहे. खेकडे, कोळंबी, शिंपले हेच त्याचे अन्न. त्याला दुसरे काही चालत नाही आणि चालावे अशी अपेक्षा करणेही अन्यायाचे होईल. पुष्कळ जण त्याला गोठवलेली कोळंबी घेण्याची सवय लावतात, आणि बहुतेक ऑक्टोपस ती घेतात. परंतु एवढी बुद्धी असलेला प्राणी चार काचांत रिकामा बसला की खंगतो; त्याला काही उद्योग हवा. तेव्हा काही मालक बरणीत जिवंत खेकडा घालून, झाकण लावून ती टाकीत सोडतात. ऑक्टोपस बरणीभोवती हात गुंडाळतो, चाचपतो, झाकण फिरवतो. पाहणारे टाळ्या वाजवतात. त्या बरणीतील खेकड्याचे काय, हा प्रश्न त्या कौतुकात सहसा कोणी विचारत नाही.

श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतला पहिला बंध, म्हणजे जीवाला बांधून ठेवणे. आणि शेवटचा अन्नपाननिरोध, म्हणजे त्याचे खाणेपिणे रोखणे. ऑक्टोपस पाळणारा माणूस नेमका या दोहोंच्या मध्ये सापडतो. बंध त्याने आधीच केलेला असतो. आता उपाशी ठेवले तर दुसरा दोष, आणि खाऊ घातले तर रोज दुसऱ्या जीवांची हिंसा. समुद्रात ऑक्टोपस खेकडा मारतो तेव्हा ते त्याचे त्याच्यापाशी राहते. घरात मात्र खेकडा विकत आणणारा हात माणसाचा असतो. हे सारे टाकी विकत घेण्याआधी ध्यानात आले तर त्याचा उपयोग. प्राणी घरात आल्यावर त्यातून सुटायला वाट राहत नाही, कारण कित्येक महिने माणसाच्या हातून खाल्लेल्या प्राण्याला नेऊन कोणत्याही किनाऱ्यावर सोडून देणे हीही दया नव्हे.

कोणी म्हणेल, जीव सांभाळण्याची परंपरा तर समाजात मोठी आहे. मुंबईत भुलेश्वरची पांजरपोळ १८३४ सालापासून उभी आहे. परंतु पांजरपोळीत येतो तो भाकड, जखमी, टाकून दिलेला जीव. त्याला दुसरे घर उरलेले नसते. द्विबिंदू ऑक्टोपसला घर होते. विक्रीला येणारे बरेचसे ऑक्टोपस समुद्रातूनच पकडलेले असतात.

त्याला वेदना होतात का, यावर फार काळ वाद घातला गेला. २०२१ साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात असे आढळले, की जेथे दुखापत अनुभवली त्या कप्प्यात ऑक्टोपस पुन्हा जात नाही, आणि बधिर करणारे औषध जेथे मिळाले तो कप्पा तो पसंत करतो. पुढच्याच वर्षी ब्रिटनने संवेदनशील प्राण्यांविषयीच्या आपल्या कायद्यात ऑक्टोपस आणि त्याच्या जातभाईंचा समावेश केला. वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी २०२४ साली खाण्यासाठी ऑक्टोपसची शेती करण्यास मनाई केली. घरी एखादा पाळण्याला या मनाईचा अडसर नाही.

निराळी वाट धरणारा एक माणूस जगाने पडद्यावर पाहिला आहे. दक्षिण आफ्रिकेतील क्रेग फॉस्टर हा चित्रपटकार केप टाउनजवळच्या थंडगार समुद्रात, सागरी वनस्पतींच्या रानात, जवळजवळ वर्षभर रोज एका ऑक्टोपस मादीला भेटायला जात राहिला. तिने त्याचा हात धरला, त्याच्या छातीवर विसावली. त्यावरच्या माहितीपटाला २०२१ साली ऑस्कर मिळाले. शार्कने तिचा हात तोडला तेव्हाही तो मध्ये पडला नाही. या त्याच्या संयमावर मतभेद आहेत आणि ते असणारच. पण तिला घरी मात्र त्याने आणले नाही.

टाकीतील संबंधाला काळाची मर्यादाही फार थोडी आहे. द्विबिंदू ऑक्टोपस वर्ष-दोन वर्षे जगतो, खुजा त्याहूनही कमी. शिवाय विकत घेताना त्याचे वय कळत नाही. लहान म्हणून आणलेला ऑक्टोपस पुष्कळदा आयुष्याच्या उतरणीवरच असतो. मालक आणि प्राणी यांची ओळख पक्की होते न होते तोच एके सकाळी मादी कपारीच्या तोंडाशी दगड रचून घेते आणि आत अंडी घालते. समुद्रात नराशी भेट झालेली नसेल तर ती अंडी निष्फळ असतात, तरीही ती त्यांना सोडत नाही. हातांनी पुसते, पाण्याचा झोत त्यांच्यावर सोडत राहते. खाणे थांबते. मालक कोळंबीचा तुकडा चिमट्यात धरून तासन्तास उभा राहतो; ती चिमटा हळूच दूर सारते. १९७७ साली जेरोम वोडिन्स्की यांनी दुसऱ्या एका जातीच्या अंडी घातलेल्या मादींच्या डोळ्यांजवळील दोन लहान ग्रंथी काढून पाहिल्या, तेव्हा त्या अंडी सोडून पुन्हा खाऊ लागल्या आणि अधिक काळ जगल्या. म्हणजे मरण शरीरातच लिहिलेले असते, आणि घरच्या मालकाने पाणी कितीही शुद्ध राखले तरी ते टळत नाही. नराचीही गत तीच. तो अन्न टाकतो, फिकट होतो, दिशाहीन फिरत राहतो.

अंडी सफल असली तर दोनेक महिन्यांनी वाटाण्याएवढी पिल्ले बाहेर पडतात, जन्मतःच आठ हातांची, शिकारीला तयार, आणि एकत्र ठेवली तर एकमेकांना खाणारी. प्रत्येकाला निराळे भांडे, प्रत्येकाला रोज बारीकसे जिवंत भक्ष्य. एका जीवाचा सांभाळ करायला निघालेल्या घरात डझनावारी भांडी मांडली जातात, आणि त्यांतली बरीच दिवसागणिक रिकामी होत जातात. आई बहुधा तोवर गेलेली असते.

नंतर पंप बंद करावा की चालू ठेवावा, हा प्रश्न उरतो. दगडांवरच्या जिवाणूंना अमोनिया मिळाला नाही तर ती वस्ती ओसरते आणि तीन महिन्यांचे काम वाया जाते. म्हणून पुष्कळ मालक, पुढे काय करायचे हे ठरेपर्यंत, कोणीही राहत नसलेल्या त्या टाकीत रोज अन्नाची एक चिमूट टाकत राहतात.