कागदाचे वजन

नाशिक रोडला आपण उतरतो ते देवासाठी. स्टेशनाजवळच उंच भिंतीआड लक्ष्मीचा छापखाना आहे, हे रामकुंडाच्या ओढीने कुणाच्या ध्यानात राहत नाही. यंदा माझ्या राहिले. कारण खिशात आईची पुडी होती.

आई गेल्यावर तिच्या ट्रंकेत, नऊवारीच्या घडीत ती सापडली. वर तिच्या अक्षरात 'नाशिकसाठी' आणि आत पाचशेच्या सात जुन्या नोटा. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री त्या बाद झाल्या. पुढे बदलून घेताना ही पुडी ती विसरली, की मुलाला बँकेच्या रांगेत उभे करणे तिच्या जिवावर आले, कोण जाणे!

गंमत पाहा, नोट जन्मली ती ओझ्याला कंटाळून. चीनच्या सिचुआन प्रांतात लोखंडी नाणी चालत. ती वाहून खांदे मोडू लागले, तेव्हा लोक ती व्यापाऱ्याकडे ठेवून पावती घेऊ लागले. १०२४ मध्ये सरकारनेच अशा पावत्या काढल्या. स्वीडनमध्ये तांब्याच्या पत्र्याचे एकेक नाणे वीस किलोच्या घरात जाई; तिथे १६६१ मध्ये युरोपातली पहिली बँकनोट निघाली. आपल्याकडे १८६१ च्या कायद्याने सरकारी नोटा आल्या, पण छापून येत त्या विलायतेहून. १९२८ मध्ये हे काम नाशिकला सुरू झाले. कागद मात्र परदेशचाच; त्यासाठी होशंगाबादची, म्हणजे आजच्या नर्मदापुरमची गिरणी १९६८ मध्ये उभी राहिली.

नाशकात माझा मावसभाऊ कागदाचा व्यापारी. "अण्णा, कागद तोलतात तरी कसा?" मी विचारले. त्याने एका तावाचा दहा सेंटिमीटरचा चौकोन कापून काट्यावर ठेवला. "याला शंभराने गुण. एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन, तोच जीएसएम. तुझ्या परीक्षेच्या कागदाचा ऐंशी असेल, तर ए-फोरचा एक ताव भरतो पाच ग्रॅम. आताच्या पाचशेच्या शंभर नोटा शेजारी शेजारी मांडल्यास, तर जेमतेम एक चौरस मीटर होईल!"

मी पुडी पुढे केली. अण्णाने वरचे अक्षर ओळखले आणि काटा हळूच बाजूला सारला.

"मावशीच्या नोटा तोलायच्या नाहीत," तो म्हणाला. "वजन तेवढेच भरेल रे, बाद होण्याआधी होते तेवढेच. गेले ते सरकारचे वचन."

संध्याकाळी आम्ही दोघे रामकुंडावर गेलो. आईच्या नावाने दिवा सोडला, काळारामाचे दर्शन घेतले. खर्च माझ्या खिशातून झाला. दहापर्यंत जुन्या नोटा ठेवायला कायद्याची मुभा आहे, तेव्हा पुडी परत ट्रंकेत ठेवली आहे. आत काय आहे याला आता मोल नाही. पण वर जे लिहिले होते, ते आम्ही वटवून आलो.