कठड्याच्या आतले पाय

“आजोबा, उठायचं नाही हं, पडाल!” हे वाक्य आम्ही सिस्टर वॉर्डात दिवसातून किती वेळा म्हणतो, याला गणती नाही. त्यामागे काळजीच असते. तरीही माझं स्पष्ट मत आहे की, पडू नये म्हणून ज्याला आपण खाटेवर निजवून ठेवतो, त्याच्या पायांतलं बळ आपणच काढून घेतो; मग तो घरी जाऊन पडतो. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात सरासरी 67 वर्षांच्या 11 निरोगी माणसांना 10 दिवस अंथरुणावर ठेवलं होतं. तेवढ्यात त्यांच्या पायांचं मांस जवळजवळ 1 किलोने झडलं. ही धडधाकट माणसं. न्यूमोनियातून उठलेल्या, चार घास जेमतेम खाणाऱ्या आजीचं काय होत असेल?

खाटेचे कठडे वर केले की आपल्याला हायसं वाटतं. पण भ्रमात असलेला किंवा लघवीची घाई झालेला माणूस कठड्याला जुमानत नाही. तो त्यावरून पाय टाकतो आणि अधिक उंचीवरून कोसळतो. खाटेला गजर लावण्याचा उपायही अमेरिकेतल्या एका रुग्णालयात पारखला गेला. 2012 साली आलेल्या त्या निष्कर्षांनुसार गजरांचा वापर वाढला, पण पडणं कमी झालं नाही. गजर वाजतो तेव्हा माणूस उठलेलाच असतो! पडण्याचा धोका मोजायला आपण मॉर्स स्केल भरतो: आधी पडल्याचे 25 गुण, सलाईनचे 20. त्यातून कोण पडेल याचा अंदाज येतो. कधी पडेल, हे त्या कागदात नाही. ते अनेकदा शौचालयाच्या वाटेवर ठरतं. म्हणून लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी लिहिलेली दिसली, तर ती सकाळी देता येईल का, हे डॉक्टरांना विचारणं हे पडणं टाळण्याचंच काम आहे. उठवतानाही आधी काठावर बसवावं, पाय जमिनीला टेकवावेत, गरगरतंय का विचारावं. उभं राहिल्यावर 3 मिनिटांत वरचा रक्तदाब 20 ने उतरला, तर पुन्हा बसवावं. पायात सपाता नकोत, साडीचा घोळ घोट्याच्या वर हवा.

“रात्रपाळीला एकटी सिस्टर अख्खा वॉर्ड बघते, चालवणार कोण?” हा आक्षेप खरा आहे आणि मनुष्यबळाची मागणी आपण सोडता कामा नये. पण जेवणानंतर, झोपण्याआधी आणि पहाटे आपणहून शौचाला नेण्याची फेरी ठरवली, तर ऐनवेळची धावपळ वाचते. उशाशी बसलेल्या सुनेला किंवा मुलाला दंडाला धरून न ओढता कमरेशी आधार कसा द्यायचा, हे 10 मिनिटांत शिकवता येतं. चालवताना रुग्ण पडला तर ठपका सिस्टरवर येतो, हेही खरंच. म्हणून चालवण्याचा निर्णय डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टसह घेऊन केसपेपरवर लिहावा. काहींना खरोखरच उठवायचं नसतं, उदाहरणार्थ, मोडलेल्या खुब्याचं ऑपरेशन व्हायचं असताना. तेव्हा ‘उठवू नये’ या सूचनेपुढे कारण आणि तारीख हवी, म्हणजे उद्याच्या पाळीची सिस्टर ती सूचना अजून लागू आहे का, हे राउंडला विचारू शकेल.