एका नदीचें आडनांव

आपल्याकडे आडनांवाचा अर्थ विचारला तर तो सांगणें फारसें कठीण पडत नाहीं. चिपळूणचा तो चिपळूणकर, गांवचें कुळकर्ण पाहणारा तो कुळकर्णी. परंतु वसईपासून मंगळुरापर्यंतच्या किनाऱ्यावर जें नांव पदोपदीं कानीं येतें, त्या ‘डिसोझा’ या नांवाचा अर्थ काय, असें कोणास विचारावें, तर “तें ख्रिस्ती लोकांचें आडनांव” एवढेंच उत्तर मिळतें. आणि पुष्कळदां त्याला “म्हणजे ते मूळचे फिरंगीच” अशी पुस्तीही जोडली जाते. ही पुस्ती कितपत खरी आहे हें पाहावयाचें, तर प्रथम पोर्तुगाल देशांतील एका लहानशा नदीच्या कांठीं गेलें पाहिजे. आमचें तेथवरचें जाणें नकाशावरून आणि पुस्तकांतून झालेलें आहे, हें आधींच सांगून ठेवितों.

पोर्तुगालच्या उत्तर भागांतून दोरू नांवाची मोठी नदी पश्चिमेस वाहत जाऊन समुद्रास मिळते. तिच्या मुखाशीं पोर्तो शहर आहे. आमच्या पिढीच्या भूगोलांतील ओपोर्टो तें हेंच. या शहराच्या थोडें वर, दोरूच्या उजव्या तीरास एक लहान नदी येऊन मिळते, तिचें नांव सोझा. फेल्गैरासच्या डोंगराळ मुलुखांत ती उगम पावते आणि लौसादा, पेनाफिएल या गांवांच्या बाजूनें नैर्ऋत्येकडे वाहत येते. संगमावरील गांवास ‘फोझ दो सोझा’, म्हणजे आपल्या भाषेंत ‘सोझामुख’, असेंच म्हणतात. हा सारा प्रदेश करड्या कठीण दगडाचा, द्राक्षांच्या मळ्यांचा आणि जाड भिंतींच्या जुन्या देवळांचा. पासो द सोझा या गांवच्या मठांत एगास मोनिस याची समाधि आहे. हा पोर्तुगालच्या पहिल्या राजाचा पालक. दिलेलें वचन राजानें पाळलें नाहीं, तेव्हां हा स्वतः गळ्यांत दोर अडकवून, बायकामुलांसह, ज्याला वचन दिलें त्याच्यापुढें जाऊन उभा राहिला, अशी कथा आहे. आणि ती यात्रा समाधीच्या दगडावर कोरलेली आहे. हरिश्चंद्राच्या देशांतील वाचकांस ती परकी वाटूं नये.

आतां नांवाकडे वळूं. ‘डि’ हा मुळीं नांवाचा भागच नव्हे. मूळ शब्द ‘द’. अर्थ ‘चा’ किंवा ‘येथला’. संस्कृतांत जें काम पंचमी वा षष्ठी करिते आणि मराठींत ‘कर’ करितो, तेंच पोर्तुगीजांत हा ‘द’ करितो. तेव्हां डिसोझा म्हणजे सरळ ‘सोझेकर’! गांवावरून पडलेलीं आडनांवें आपल्याकडे शेंकड्यांनीं आहेत, आणि सरस्वतीवरून सारस्वत, सरयूवरून सरयूपारीण अशीं नदीवरून चाललेलीं समूहांचीं नांवेंही आहेत. त्याच जातीचें हें नांव होय.

खुद्द नदीला हें नांव कां पडलें, यावर मात्र एकमत नाहीं. लॅटिन ‘साक्सा’ म्हणजे खडक, त्यावरून ‘सोझा’ झालें, असें कित्येक सांगतात. ही व्युत्पत्ति आम्हांस पटत नाहीं. त्याच लॅटिन शब्दाच्या एकवचनापासून पोर्तुगीजांत ‘सेइशू’, म्हणजे गोटा, हा शब्द आलेला आहे. एकाच बीजाला त्याच जमिनींत असें अगदींच निराळें फळ कां यावें? नद्यांचीं नांवें पुष्कळदां कांठच्या भाषेहूनही जुनीं असतात, आणि हेंही त्यांतलेंच असण्याचा संभव अधिक. कानाला गोड लागणारी व्युत्पत्ति किती फसवी असते, याचें एक मासलेवाईक उदाहरण याच नांवाच्या बाबतींत आहे. अमेरिकेंत जॉन फिलिप सोझा (१८५४–१९३२) हा लष्करी बँडचा प्रख्यात संगीतकार होऊन गेला. त्याचें नांव मूळचें निराळें असून, आद्याक्षरें ‘एस. ओ.’ व त्यापुढें देशाचें ‘यू. एस. ए.’ जोडून त्यानें ‘सोझा’ बनविलें, अशी कंडी उठली होती. बिचाऱ्याला ती जन्मभर खोडीत बसावें लागलें. बाप पोर्तुगीज कुळांतला, आणि आडनांव बापाचेंच!

या नदीवरून नांव घेणारें घराणें अकराव्या शतकांतील एगास गोमेस याच्यापासून चाललें, आणि पोर्तुगालच्या अगदीं जुन्या सरदार घराण्यांत त्याची गणना होते. परंतु गंमत अशी कीं, या घराण्याचा पुरुषवंश तेराव्या शतकांतच खुंटला. वारसा दोघी स्त्रियांकडे आला. त्यांचीं लग्नें राजा तिसरा अफोन्सो याच्या दोन अनौरस पुत्रांशीं झालीं. आणि पुढील संततीनें आडनांव चालविलें तें आईकडचें. म्हणजे सोझा हें नांव त्याच्या मायदेशांतसुद्धां बापाकडून मुलाकडे सरळ आलेलें नाहीं.

तें समुद्रापार कसें गेलें, हें एकाच माणसाच्या चरित्रांत पाहावयास मिळतें. मार्तिम अफोन्सो द सोझा यानें १५३२ सालीं ब्राझीलच्या किनाऱ्यावर साँ व्हिसेन्ती हें ठाणें वसविलें. दोनच वर्षांनीं, १५३४ सालीं, तो आरमाराचा मुख्य होऊन हिंदुस्थानांत आला. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस गुजराथच्या बहादुरशहानें वसई पोर्तुगीजांस दिली. त्याच्याबरोबर आलेला वैद्य गार्सिया द ओर्ता यानें पुढें १५६३ सालीं आपल्या इकडील औषधींवरचा ग्रंथ गोव्यांत छापिला. १५४२ सालीं मार्तिम अफोन्सो गव्हर्नर होऊन पुन्हां आला, त्या सफरींत फ्रान्सिस झेवियर त्याच्यासमवेत होता. तिकडे ब्राझीलांत १५४९ सालीं पहिला गव्हर्नर-जनरल म्हणून गेला तोही तोमे द सोझाच.

यानंतर बाप्तिस्म्याचें पाणी आणि हें नांव बरोबरच वाहूं लागलें. नव्यानें ख्रिस्ती झालेल्या माणसास धर्मपित्याचें किंवा बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्र्याचें आडनांव देण्याची वहिवाट पडली. धर्मपिता कोणी सरदार वा अंमलदार असे. गांवचा शेतकरी सकाळीं आपल्या जुन्या नांवानें देवळांत गेला आणि दुपारीं डिसोझा होऊन घरीं परतला. रक्त तेंच, शेत तेंच, भाषाही तीच. मंगळूरच्या ख्रिस्ती घराण्यांत प्रभू, कामत, शेणै अशीं बाप्तिस्म्यापूर्वींचीं उपनांवें आजही कित्येकांस ठाऊक असतात. सिंहलद्वीपांत तर डिसिल्व्हा हें पोर्तुगीज नांव असंख्य बौद्ध कुटुंबें चालवितात. तेथें आडनांवावरून धर्मसुद्धां सांगतां येत नाहीं.

याच प्रवाहाचा एक फांटा ऐकवत नाहीं. ब्राझीलांतून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर विदा बंदरीं जाऊन राहिलेला फ्रान्सिस्को फेलिक्स द सोझा (मृत्यु १८४९) हा गुलामांचा मोठा व्यापारी होता. त्याचा वंशविस्तार आज बेनिन देशांत मोठा आहे. त्याच देशांत १९९० सालीं हुकूमशाहीचा शेवट करणारी जी राष्ट्रीय परिषद भरली, तिचे अध्यक्ष आर्चबिशप इझिदोर द सोझा होते. एकाच आडनांवानें किती निराळ्या माणसांस झांकावें!

वसईस आम्ही दोन दिवस राहिलों होतों. किल्ल्यांतील फ्रान्सिस्कन देवळाची जमीन थडग्यांच्या शिलांनीं फरसबंद आहे; अक्षरें झिजलीं आहेत, माथ्यावर छप्पर नाहीं. १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं हा किल्ला घेतला आणि पोर्तुगीज गेले ते गेलेच. पण कोटाबाहेर पडून वाड्यांच्या रस्त्यास लागलें कीं, केळीच्या बागा, विहिरी, आणि लाल लुगडें नेसलेल्या म्हाताऱ्या सामवेदी बोलींत बोलतांना भेटतात. हीं माणसें गलबतांतून उतरलेल्यांचे वंशज म्हणावीं काय? आम्हांस तर त्यांच्या बोलींत मराठीचीं अशीं रूपें ऐकूं आलीं कीं जीं पुण्यांत ऐकूं येत नाहींत. याच वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या आडनांवांतील ‘दि’ तोच पोर्तुगीज ‘द’ होय, आणि २०२० सालीं उस्मानाबादच्या मराठी साहित्यसंमेलनाचे ते अध्यक्ष होते.

लेखनाविषयीं थोडें सांगावयाचें राहिलें. पोर्तुगालांत आतां हें नांव ‘स’ घालून लिहितात, उच्चार मात्र ‘झ’च करितात. ब्राझीलांत आणि आपल्याकडे लिहिण्यांतही ‘झ’चें जुनें रूप पुष्कळ टिकलें. ‘द’ तिकडे सुटा राहतो. म्हणून लिस्बनच्या यादींत हें नांव शोधावयाचें तर ‘स’ खालीं पाहावें लागतें. आपल्याकडे तो ‘डि’ होऊन नांवास कायमचा चिकटला, आणि शाळेच्या हजेरीपटांत डिसोझा बसतो तो डांगे आणि डोंगरे यांच्या मधोमध.